मालक व्हायची हौस

इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला तरी तुम्ही भाडेकरूच, फक्त लांब पल्ल्याचे. छप्पर, जिना, खालची जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची; तुमची काय ती लीजची उरलेली वर्षं. लंडनमधल्या हॅरोच्या माझ्या फ्लॅटची वास्तुशांत थाटात करताना हा बारकावा मी पाहुण्यांच्या कानावर घातला नव्हता.

लीज ८० वर्षांच्या जवळ घसरलं तशी माझी झोप उडाली. त्याखाली गेलं की लीज वाढवल्यावर जी किंमत वाढते, तिच्यातला निम्मा वाटा मालकाला! तेवढ्यात १९९३चा कायदा वाचनात आला : निम्म्या फ्लॅटवाल्यांनी एकजूट केली तर मालकाची इच्छा असो-नसो, इमारत विकत मागता येते. माझ्या अंगातच आलं. डोंबिवलीत बाबांच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स बिल्डरनं वर्षानुवर्षं लटकवलंय. आपण इथे करून दाखवू! बायको म्हणाली, "आधी नळाचा वॉशर बदल."

फ्लॅट चार. तळमजल्यावरच्या गुजराती काकांनी आणि समोरच्या पोलिश नर्सनं होकार दिला. वरच्या निवृत्त इंग्रज गृहस्थांनी शुभेच्छा दिल्या आणि दार लावून घेतलं. त्यामुळे चार फ्लॅटची इमारत तिघांच्या खिशातून घ्यायची ठरली.

इमारत मागणारी, त्या कायद्याच्या सेक्शन १३ची नोटीस मालकाला गेली. मालकाची उलटनोटीस आली, तिच्यातला आकडा बघून आम्ही चुकून शेजारची इमारतही मागितली की काय, अशी शंका आली. पुढे दोन्हीकडचे सर्व्हेअर घासाघीस करत बसले. मालकाच्या वकिलाची आणि सर्व्हेअरची रास्त फीसुद्धा कायद्यानं आम्हीच द्यायची. आपल्याशी भांडायला ठेवलेल्या माणसाचा पगार आपणच भरण्यात एक वेगळाच रुबाब असतो.

अखेर इमारत आम्ही तिघांनी त्यासाठी काढलेल्या कंपनीच्या नावावर झाली. बाकी दोघे नको म्हणाले म्हणून डायरेक्टर मी. पुण्याला मावशीला फोन करून "लंडनमध्ये बिल्डिंग घेतली" असं जाहीर केलं. तिनं विचारलं, "लिफ्ट आहे का?" नाही.

पहिल्याच मोठ्या पावसात छपराची पन्हळ वाहिली. वरच्या गृहस्थांचं टाइप केलेलं पत्र आलं : मुद्दे क्रमवार, लीजमधल्या कलमांचे हवाले, शेवटी मालकाच्या बेपर्वाईबद्दल तीव्र खेद. भाषा ओळखीची वाटली. जुन्या मालकाला मी लिहिलेल्या पत्राच्या प्रती मीच कौतुकानं घरोघर वाटल्या होत्या. गृहस्थांनी फक्त तारीख बदलली होती.

दुरुस्तीचा खर्च एका फ्लॅटमागे २५० पौंडांच्या वर जाणार असेल तर सेक्शन २०प्रमाणे सगळ्या फ्लॅटधारकांना नोटीस द्यायची आणि ३० दिवस हरकतींची वाट बघायची. अंदाजपत्रकं आली की पुन्हा तसंच. त्यातली एक नोटीस मी माझ्याच नावानं काढली, खाली उतरून माझ्याच पत्रपेटीत टाकली. बायकोनं ती जाहिरात समजून रद्दीत घातली.

तुमच्या इमारतीत असा उद्योग निघाला तर सही जरूर करा, पैसेही भरा. डायरेक्टर कोण, हा विषय निघाला की मात्र चहा टाकायला आत जा.