हिरा, चांदणी, ठिपका

सुटे पैसे हातात पडले की आपण ते मोजतो. नाणेवाले काका ते वाचतात. मेथीची जुडी पिशवीत गेली, भाजीवालीनं सुटे परत दिले, की काका तिथंच दुचाक्यांच्या गर्दीत चष्मा कपाळावर ढकलतात, नाणं डोळ्यांपासून चार बोटांवर धरतात आणि सालाच्या खाली बघतात. तिथं बारीकसा हिरा असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं, चांदणी असली तर हैदराबादचं आणि ठिपका असला तर नोएडाचं. काहीच नसलं तर कोलकात्याचं. कोलकात्याला स्वतःची ओळख पटवून द्यायची कधी गरजच वाटलेली नाही. "मावशी, हैदराबाद!" काका हर्षानं सांगतात. मावशी शांतपणे म्हणतात, "चालत नसंल तर बदलून देते."

असे काका पुण्यात पेठेगणिक एक तरी सापडतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कुणी वीज मंडळातून, कुणी शाळेतून. निवृत्त झाले म्हणून छंद लागला, असा लोकांचा समज आहे. खरं तर छंद पहिल्यापासून होता, निवृत्तीनंतर तो फक्त पूर्णवेळ झाला. शर्टाच्या खिशात सोनाराकडे असतं तसलं भिंग, पँटच्या खिशात बॅटरीवर चालणारा तळहाताएवढा वजनकाटा आणि पाकिटात, जिथं इतरांचा देवाचा फोटो असतो तिथं, रिझर्व्ह बँकेच्या एका पत्रकाची लॅमिनेट केलेली प्रत. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत आणि ते सगळे घेतले पाहिजेत, असं बँकेनं जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं होतं, ते हे पत्रक. रिक्षावाल्यानं दहाचं नाणं नाकारलं की काका पत्रक काढतात. मग कोणतं नाणं कोणत्या निमित्तानं निघालं, याची साग्रसंगीत उजळणी होते. शेवटी रिक्षावाला नाणं घेतो, काका विजयी मुद्रेनं उतरतात. तोवर मीटर चालूच असतं.

काकांचा फोन नंबर एकदा कुणाला मिळाला की तो गावभर होतो. "काका, माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. व्हिडिओत सांगितलं, दहा लाख मिळतात."

"पाच मिळतील."

"पाच लाख?"

"पाच रुपये. वाण्याकडे."

तरीही समोरचा दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागतो. जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या खरेदीविक्रीसाठी आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये दिला होता. तेही पत्रक लॅमिनेट करावं असं काकांच्या मनात आहे, पण पाकीट आता मिटत नाही.

काकांना खऱ्या अर्थानं बघायचं तर नाणेसंग्राहकांच्या मंडळाच्या बैठकीला जावं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी एका शाळेचा वर्ग मिळतो. पाचवीतल्या मुलांच्या बाकांवर साठी उलटलेली माणसं गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलेली असतात. इथं सगळे एकमेकांना 'सर' म्हणतात. कुणी कुणाला कधी काही शिकवलेलं नाही, आणि शिकवायला गेलं तर कुणी ऐकून घेणार नाही.

प्रत्येकाचा मुलूख वाटून घेतलेला आहे. सगळ्यांत मानाचा मुलूख शिवराईवाल्यांचा. शिवाजी महाराजांचा हा तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळं अख्खी अक्षरं क्वचितच एका नाण्यावर उतरतात. कुठं 'श्री' अर्धी निसटते, कुठं 'राजा'चा काना बाहेर जातो. शिवाय ठसा कोरणारे अनेक, आणि त्यांच्यापुढं शुद्धलेखनाचे नियम नव्हते. म्हणून कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं वेलांटी पहिली, कुठं दुसरी. या वाणांवर मंडळात जितकी चर्चा झालीय तितकी राज्यकारभारावर कधी झाली नसेल. आमच्या मंडळात मराठीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापला, आणि आता वेलांटी चुकलेल्या शिवराईला साध्या शिवराईच्या तिप्पट पैसे मोजतात.

त्याखालोखाल इंग्रज अमदानीचे लोक. यांच्या तोंडी सतत 1911 चा रुपया. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावर एक हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. तक्रारी झाल्या, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि 1912 पासून हत्तीची सोंड सुधारली. जी डुकरं तेव्हा बाजारात सुटली, तीच आज या मंडळींच्या मखमलीवर आहेत. हेच लोक व्हिक्टोरियाच्या 1862 च्या रुपयावरचे ठिपकेही मोजतात. ते साल पुढची बरीच वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळं ठिपक्यांवरून खरं वर्ष काढावं लागतं. काकांना रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही हे आठवत नाही, पण कोणत्या रुपयावर किती ठिपके हे झोपेतून उठवून विचारा.

मग टांकसाळीच्या चुकांवर जगणारे. छाप एका कडेला सरकलेलं, एकाच बाजूनं छापलेलं, दोन छाप एकमेकांवर बसलेलं असं काही सापडलं की यांचा दिवाळसण. नोटवाल्यांची पंगत निराळी. ते क्रमांकांच्या मागं. 786 वाल्या नोटा तर आहेतच, पण तारखांच्याही असतात. एका सदस्यानं लग्नाच्या तारखेचा क्रमांक असलेली नोट दोन वर्षं खपून मिळवली. तारीख आली त्या दिवशी ती नोट मित्राला दाखवायला म्हणून ते चिंचवडला गेले होते आणि रात्री घरी आल्यावर सुद्धा त्यांना काही आठवलं नाही.

आणि चांदी कितीला चाललीय विचारणारा एक असतोच. त्याला चहा शेवटी देतात.

मंडळाचा एक सामाईक संग्रहही आहे. सदस्यांनी यथाशक्ती भर घालावी, नव्या मुलांना हातात धरून बघता यावं, शाळांमधून प्रदर्शनं भरवावीत, असा उदात्त हेतू. पत्र्याची पेटी आहे, तिला दोन कुलपं आहेत. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी चिटणिसांकडे, आणि एका दुदांडी शिवराईच्या खरेदीवरून या दोघांचं बोलणं बंद आहे. म्हणून पेटी उघडायची तर मध्ये एक खजिनदार लागतो. उघडल्यावर आत काय? भारताचा नकाशा असलेले दोन रुपये. खूप. प्रत्येक सदस्यानं आपल्याकडचं जास्तीचं नाणं दिलं आणि प्रत्येकाकडं जास्तीचं नाणं एकच होतं.

पण या पेटीत एक ट्रे असा आहे, की तो बघायला नाशिकहून सुद्धा लोक येतात. बनावट नाण्यांचा. इथं मात्र सदस्यांनी हात आखडता घेतलेला नाही. ओतीव होन आहेत, त्यांच्या कडेला साच्याचा सांधा दिसतो. सुरेख काळवंडलेल्या शिवराया आहेत, त्यांच्या अंगावर हवेचे बारीक बुडबुडे राहून गेलेत. कंपनीचे रुपये आहेत, पण 11.66 ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा भरायला हवेत, तिथं दहाही भरत नाहीत. नवशिक्यानं हा ट्रे तासभर हाताळला तर वर्षभराची फसवणूक वाचते, असं माझं प्रामाणिक मत आहे. प्रत्येक नाण्याखाली दात्याचं नाव आहे आणि प्रत्येक दाता हेच सांगतो की नाणं त्यानं घेतलेलं नाही, एका मित्राला कुणीतरी गळ्यात बांधलं होतं. मंडळातल्या कुणीच कधी खोटं नाणं विकत घेतलेलं नाही. हे मित्र कोण, ते कधी बैठकीला का येत नाहीत, हे विचारायची रीत नाही.

काका रंगात आले की जोगळटेंभीवर जातात. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी चांदीच्या 13,000 हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा पुसायची सुद्धा तसदी घेतली नाही, वरूनच छाप! इथं काका टेबलावर मूठ आपटतात. ही मूठ सगळ्यांच्या ओळखीची आहे. कप आधीच बाजूला सरकवलेले असतात.

घरी काकूंचं या संग्रहाशी नातं सवतीचं नाही, निष्काळजी सुनेचं म्हणावं असं आहे. एका दिवाळीत त्यांनी देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी चिंच लावून घासली. शेजारीच ताटलीत कळकट चकत्या पडल्या होत्या, चिंच उरली होती. काकांनी संध्याकाळी ताटली पाहिली तेव्हा शिवराया नव्या पैशासारख्या तांबूस चमकत होत्या. तीनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तो गर्द थर मोरीतून वाहून गेला होता. काका त्या रात्री जेवले नाहीत. काकू आजही म्हणतात, "माणसं स्वच्छतेवर रुसतात हे पहिल्यांदा पाहिलं." मंडळात हा प्रसंग श्रद्धांजलीच्या बैठकीत सांगावा तसा सांगतात, आणि नवीन लग्न झालेल्या सदस्याला तर मुद्दाम.

लग्नकार्यात काकांवर नजर ठेवावी लागते. जेवणाच्या पंगतीत मुलीकडच्या एका आजींच्या गळ्यात जुनी पुतळ्यांची माळ होती. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवर संत मार्कपुढं गुडघे टेकून बसलेला तिथला राज्यप्रमुख असतो. ती नाणी व्यापारातून इकडं आली आणि आपली पुतळी त्यांच्यावरूनच घडली, हे काकांना ठाऊक. ते भिंग काढून वाकले. आजींना वाटलं नमस्कार करतायत, त्यांनी आशीर्वाद दिला. काका तसेच वाकलेले. शेवटी आजींच्या मुलानं विचारलं, "काही हरवलंय का?" काका म्हणाले, "गुडघे शोधतोय."

काकांचा मुलगा न्यू जर्सीत. "बाबा, सगळं विकून टाका, नाहीतर इकडं पाठवा," असं तो फोनवर सांगतो. काका त्याला 1972 चा पुरावस्तू कायदा ऐकवतात: शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. मुलाला वाटतं बाबांना वारसाची चिंता आहे. काकांना या कायद्याइतका दिलासा दुसऱ्या कशानंच दिलेला नाही.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र मंडळात एक गडबड सुरू आहे. आठवीतली एक मुलगी येऊ लागलीय. घर कच्छी, आजी मूळची भुजची. एका बैठकीत तिनं मोबाईलवर फोटो दाखवला: कच्छ संस्थानचं नाणं, चांदीची पाच कोरी, एका बाजूला देवनागरीत महाराव खेंगारजी, दुसऱ्या बाजूला फारसी लिपीत आठवा एडवर्ड. वर्गात शांतता पसरली. हा राजा 1936 साली वर्षभरही गादीवर टिकला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या नावाचा रुपया निघालाच नाही, पण कच्छच्या टांकसाळीनं मात्र त्याचं नाव पाडून घेतलं. काकांच्या अल्बममध्ये सातव्या एडवर्डनंतर पंचम जॉर्ज, मग एक रिकामा कप्पा, मग सहावा जॉर्ज.

"बाळ, ही तू कशाशी बदलशील?" काकांनी आवाजात साखर घातली. भोकाच्या पैशांचा अख्खा संच देऊ केला. मुलगी म्हणाली, "ते माझ्याकडं आहेत." हैदराबादचा चारमिनार छापाचा रुपया? "तो पण." काकांनी इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून, डुकराचा रुपया पुढं केला. शिवराईवाल्यांपैकी एकानं कपाळाला हात लावला. मुलीनं तो भिंगाखाली धरला, कड तपासली, वजन करून पाहिलं. हे सगळं तिला काकांनीच शिकवलेलं. मग म्हणाली, "चालेल. पण वर एक शिवराई. न घासलेली."

दोन बैठका घासाघीस चालली. मूळ हरकत आजींची होती: कोरी त्यांच्या लग्नात आलेली, अनोळखी माणसाच्या हातात कशी द्यायची? एकदा घरी येऊन बघून जावं, असं ठरलं. काकांनी ठेवणीतला झब्बा इस्त्रीला दिला, चितळ्यांची बाकरवडी घेतली, आजींशी बोलायला दोन वाक्यं गुजराती पाठ केली आणि डुकराचा रुपया व शिवराई निरनिराळ्या पाकिटांत घालून तयार ठेवली. निघणार एवढ्यात मुलीचा फोन आला.

"काका, आजी वाट बघतायत. कोरी फार काळी पडली होती ना, तुम्ही पहिल्यांदाच येणार म्हणून त्यांनी काल रात्रभर ती टूथपेस्ट लावून घासलीय. आता अगदी लख्ख झालीय."