कचरा आहे!

डिसेंबरात पुण्यात पारा दहाच्या आसपास उतरला, की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी दोन आवाज हमखास येतात. पहिला, म्हाताऱ्या बॅटरीवर कण्हणाऱ्या सेल्फचा. दुसरा, त्यापाठोपाठ जिना उतरणाऱ्या चपलांचा. चपला कुणाच्या, हे सांगायला नको. कानटोपी, लेंग्यावर स्वेटर, हातात फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर. अण्णा आले.

गाडी त्यांची नसते. त्यांना कुणी बोलावलेलंही नसतं.

"सेल्फ मारू नकोस! बोनेट उघड." मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. ही रीत खोटी नव्हे. जुने मिस्त्री बेअरिंगची घरघर अशीच हुडकतात. फक्त त्यासाठी इंजिन चालू असावं लागतं. अण्णा बंद इंजिनही ऐकतात. दोन मिनिटांनी डोळे उघडतात आणि निदान सांगतात, "कचरा आहे."

या निदानाचं मूळ प्रीमियर पद्मिनीत आहे. १०८९ सीसीची ती गाडी अण्णांनी अठरा वर्षं चालवली, म्हणजे निम्मी वर्षं चालवली आणि निम्मी सुरू केली. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवेची वाट आवळायची आणि मिश्रण दाट करायचं. चोक जरा जास्त ओढला गेला की ओव्हरफ्लो. मग प्लग काढा, पुसा, पॉलिश पेपरने घासा, परत बसवा. एवढं करूनही गाडी मिसिंग मारत असेल, तर कार्बोरेटर खोला. त्याच्या जेटचं भोक टाचणीच्या टोकाएवढं. टाकीच्या तळाचा गंजाचा कण तिथे येऊन बसायचा. अण्णा जेट ओठांत धरून फुंकायचे आणि गाडी सुरू व्हायची. ज्या माणसाने स्वतःच्या फुंकरीने चार चाकं हलवली, त्याला दुसरं कारण कसं पटावं?

पुढे कार्बोरेटर गेले, इंजेक्टर आले. आता इंजिनातल्या पाण्याचं तापमान सेन्सर मोजतो आणि थंडीत पेट्रोल किती वाढवायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. चोक नाही, जेट नाही. अण्णांचा कचरा मात्र बेघर झाला नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, कचरा. इंटरनेट मंदावलं, वायरीत कचरा. नातवाला गणितात बेचाळीस मार्क पडले, तेव्हा त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवून तेच सांगितलं. त्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून ब्लॉकेज समजावलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कचराच की."

अशा माणसाला टाळायचंच असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने तसा प्रयत्नही केला. त्याची सहा वर्षांची पेट्रोल गाडी सकाळी तीन-चार सेल्फ खायची, सुरू झाल्यावर मिनिटभर आचके द्यायची. दुपारी मात्र एकदम शहाणी. सर्व्हिस सेंटरने आधी प्लग बदलले, मग इंजेक्टर धुतले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली. दर खेपेला बिल निघालं, खोड निघाली नाही. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. कोड नाही म्हणजे आजार नाही, असा तिथला सिद्धान्त होता.

एका सकाळी अण्णांनी त्याला गाठलंच. "चावी नुसती ऑनपर्यंत फिरव. सेल्फ नको. ऐक." मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण आली आणि थांबली. "आता बंद कर. परत ऑन. परत ऐक." तिसऱ्या वेळी अण्णांनी मान डोलावली, मुलाने सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पंपातली उलट वाट अडवणारी झडप रात्रभर गळत होती. लाइनमधला दाब उतरायचा, सकाळी इंजिन पेट्रोलसाठी ताटकळायचं. पंप बदलला, खोड गेली. झडप का गळत होती? अण्णांना विचारू नका.

हे कबूल करायला जड जातं, पण ऐकणारा माणूस तेवढाच होता. बाकीचे स्क्रीन बघत होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या नियमाने रस्त्यावरून उतरल्या. अण्णांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र रद्दीत जाऊ दिलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. अण्णा सवयीने खाली आले.

"कर सुरू."

"सुरूच आहे, अण्णा."

अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर बोनेटजवळ नेला, तसाच मागे घेतला. मग किती तरी सकाळी जिन्यात चपला वाजल्या नाहीत.

या जानेवारीत एका पहाटे ती गाडी उठेना. स्क्रीन काळी. आदल्या रात्री ऐंशी टक्के चार्ज दाखवत होती. हेल्पलाइन एक दाबा, दोन दाबा म्हणत होती. तेवढ्यात जिना वाजला.

"यातही बारा व्होल्टची साधी बॅटरी असते ना रे?"

असते. मोठ्या बॅटरीची दारं उघडणारे रिले तिच्यावरच चालतात. ती झोपली की खालचे लाखो रुपये नुसतं ओझं. मुलाला हे ठाऊक नव्हतं. अण्णांनी नातवाकडून मोबाइलवर वाचून घेतलं होतं.

"दहाचा पाना आण. आणि आईला सांग, गरम पाणी आणि खायचा सोडा दे."

त्यांनी आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवली. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली होती. अण्णांनी ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडली, चिमूटभर तळहातावर घेतली आणि जमलेल्या सगळ्यांपुढून तो हात सावकाश फिरवला. तोंडातून शब्द नाही.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "अण्णा, काय निघालं हो?"