एक मिनिट, पॉइंट बघतो

आमच्या वाईच्या गल्लीत रविवारी सकाळी सातला गजर लावायची गरज नसे. अप्पांची जीप होती. आधी सेल्फची घरघर, मग हँडलचे चार फेरे, मग शांतता, आणि त्या शांततेत अप्पांचा आवाज : "एक मिनिट, पॉइंट बघतो."

हे मिनिट दीड तास चाललेलं मी स्वतः पाहिलंय.

जीप महिंद्राची, उंच बॉनेटची, पेट्रोलवरची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना अप्पांनी ती लिलावात घेतली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "यांची पेन्शन सुरू व्हायच्या आधीच खर्च सुरू झाला." पण अप्पांना जीप फिरायला नकोच होती. त्यांना डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायला हवं होतं.

त्या झाकणाखाली दोन धातूचे ठिपके समोरासमोर असतात, हरभऱ्याच्या डाळीहून लहान. तेच हे पॉइंट. ते उघडले की कॉइलचा करंट तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर ठिपक्यांची ही उघडझाप मिनिटाला 4,000 वेळा. मग एकावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेंगूळ येतं, गॅप बिघडते आणि गाडी मिसिंग मारते. गॅप हवी 20 थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. अप्पांचं सगळं निवृत्त आयुष्य या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आरामात मावलं होतं.

हळूहळू ते जगाकडेही तिथूनच बघू लागले. मेहुण्याशी बोलणं बंद झालं, तर "त्याचा पॉइंट चिकटलाय." शेजारच्या नवराबायकोचं वाजलं, तर "गॅप वाढलीय, दुसरं काही नाही." काकूंचा मिक्सर अडला, तेव्हाही ते बोर्नव्हिटाचा डबा घेऊन आले होते. त्या डब्यात तीन जुने पॉइंट सेट, दोन कंडेन्सर, रोटर, फिलर गेज आणि झिरो नंबरचा पॉलिश पेपर. काकू पाहुण्यांना बजावतात, "त्या डब्याला हात लावू नका, संसार आहे त्यांचा."

भाचीच्या लग्नाला आम्ही त्याच जीपमधून पाचगणीला निघालो. जुलै महिना. पसरणी घाटात धुकं, पाऊस आणि जीप ठप्प. कॅपमध्ये ओल धरली होती. अप्पांनी ती टपरीवाल्याच्या तव्याशेजारी शेकत ठेवली, पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासला, आणि फिलर घरी राहिलेला म्हणून लग्नपत्रिकेचा कोपरा घालून गॅप बसवली. अक्षता चुकल्या, दुसरी पंगत सापडली. अप्पांनी जेवता जेवता ही हकीकत इतक्या जणांना सांगितली, की नवरदेवाचं नाव त्यांनी घरी परतल्यावर मला विचारलं.

मग गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला आणि त्यानं पिशवीतून एक खोकं काढलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, जागी एक काळी डबी बसवायची, रोटरखाली लोहचुंबकाची कडी घालायची, दोन वायरी कॉइलला जोडायच्या. घासायचं नाही, झिजायचं नाही.

"आणि ते बंद पडलं तर?" अप्पा म्हणाले. "पॉइंट कुठल्याही खेड्यातलं पोरगं नीट करतं. ही डबी गेली तर मी काय करू, नारळ फोडू?"

मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण काकू स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "बसव रे."

तासाभरात काम झालं. पुतण्यानं बॅटरीचं अर्थिंग तपासलं, टायमिंग लावलं. अप्पा शेजारी टॉर्च धरून उभे होते, भर उन्हात. चावी फिरवली, तशी जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालत राहिली. शेजारचे गॅलरीत आले, कारण नेहमीचा आवाज झाला नव्हता. अप्पांनी गाडी बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. मग उतरून झाकण उघडलं, त्या काळ्या डबीकडे बराच वेळ बघितलं आणि पुतण्याला विचारलं,

"यात घासायचं काय?"

तेव्हापासून जीप एकदाही अडलेली नाही. अप्पा मात्र दोन रविवार घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या रविवारी सकाळी सातला आमची बेल वाजली. दारात अप्पा, हातात बोर्नव्हिटाचा डबा.

"तुझी चेतक 84 सालची ना? म्हणजे पॉइंटवालीच," ते म्हणाले. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी बाजूचं कव्हर काढलंसुद्धा.

गेले चार महिने ते दर रविवारी येतात, चहा घेतात आणि माझ्या स्कूटरचा पॉइंट घासतात. त्याआधी ती पहिल्या किकला सुरू व्हायची.