शंभराची कुटी आणि गळका स्लॅब

पॅरिसजवळच्या प्वासी गावात 1931 साली एक बंगला पुरा झाला. नाव व्हिला सावॉय, वास्तुकार ल कॉर्बुझिए. बारीक खांबांवर तोललेलं पांढरंशुभ्र घर, लांबच लांब खिडक्या, वर सपाट गच्ची. आज ते म्युझियम आहे आणि आर्किटेक्चर शिकणाऱ्या प्रत्येकाला ते आधुनिकतेचा नमुना म्हणून शिकवतात. फक्त ते गळायचं. मालकीणबाई कॉर्बुझिएला पत्रांवर पत्रं धाडत होत्या : हॉलमध्ये पाऊस, गॅरेजची भिंत ओली.

हे ऐकून नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका काकांना भलताच धीर आला. एमआयडीसीतल्या नोकरीवर बांधलेला त्यांचा स्लॅब दर जुलैत गळतो. "म्हणजे आपलं घर बी मॉडर्नच होय ना वं!" ते पुतणीला म्हणाले.

पुतणी आर्किटेक्चरला. तिनं काका-काकूंना गाडीत घातलं आणि थेट सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात नेलं. काकांना तिथली मातीची बापूकुटी आधुनिक घर म्हणून दाखवणं जरा धाडसाचंच, पण पोरीचा मुद्दा चुकीचा नव्हता. गरजेपुरतं बांधा, वरची सजावट गाळा, हे युरोपात वास्तुकार व्याख्यानांतून सांगत होते. इथं ते मातीत झालं. झोपडीचा खर्च 100 रुपयांवर जाऊ नये, असं गांधीजींनी 1936 मध्ये जमनालाल बजाजांना बजावलं होतं.

"शंभरात आता कुलरचं गवतबी येत नाही," काकू म्हणाल्या.

बापूकुटीत मात्र त्या रेंगाळल्या. सारवलेल्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा त्यांनी वाकून पाहिला. कुटी मुळात मीराबेनचीच. गांधीजी तिथं नंतर राहायला आले. साप न मारता धरून दूर सोडायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही आश्रमात जपलाय. आणि व्हाइसरॉयनं बसवून दिलेला टेलिफोन! ज्या सरकारला घालवायचं, त्याचीच लाइन घरात. इतका सोयीचा संसार कॉर्बुझिएलाही जमला नसता.

विचारवंत इव्हान इलिच 1978 मध्ये या कुटीत बसून गेले आणि तिच्यावरच बोलले. काका छताकडे बघत बसले.

"गळत नाही का?"

गळतं ना. पण कवेलू फेरले की थांबतं, आणि ते फेरणारा माणूस पत्रं पाठवून बोलवावा लागत नाही.

वाचकहो, जायचं तर पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात चपला बाहेर काढल्या की अंगण पोळतं.