गुरुवर्य ठगसेनांस खुले पत्र

मा. सायबर गुरुजी,
(मुक्काम अज्ञात; व्हिडिओ कॉलवर पाठीमागे सीबीआयचं बोधचिन्ह टांगलेलं दिसतं, तिथे)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, साताऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी मोबाईलचा वर्ग घेते. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही कुणीतरी समोर बसून चुकत असल्याशिवाय मला करमत नाही. विद्यार्थी साठीच्या पुढचे. सातारा पेन्शनरांचं गाव, तेव्हा पटसंख्येची चिंता नाही. पण हल्ली असं लक्षात आलं, की यांची दुसरीकडेही शिकवणी चालू आहे. ती तुमची. आणि मत्सर बाजूला ठेवून सांगते, शिकवणं तुमचं माझ्यापेक्षा सरस आहे.

आमच्या वर्गातले एक काका निवृत्त तलाठी. व्हॉट्सॲपवर फोटो कसा पाठवायचा हे माझ्याकडून त्यांना अजून जमलेलं नाही. पेपरक्लिपचं चिन्ह दाबा म्हटलं की ते माईक दाबतात आणि "अहो बाई, कुठलं?" एवढाच संदेश नातवाला जातो. याच काकांकडून तुम्ही एका दुपारात काय काय करून घेतलंत! स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवून घेतलं, सगळ्या परवानग्या देववल्या, त्यावरचा लांबलचक आकडा न चुकता वाचून घेतला, नेट बँकिंगमध्ये नवा लाभार्थी जोडायला लावला, व्यवहाराची मर्यादा वाढवायला लावली आणि शेवटी मुदत ठेव ऑनलाइन मोडून घेतली. ही शेवटची कला मला स्वतःलाही येत नव्हती. काकांच्या पत्नी रडत होत्या, काका मात्र मान खाली घालून म्हणाले, "समजावून फार छान सांगत होता हो."

त्या वाक्यापासून मी तुमची अध्यापनपद्धती अभ्यासते आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही चिडत नाही. "काल तर सांगितलं होतं" हे वाक्य तुमच्या तोंडी नाही. "घाई नको, चष्मा लावा, खाली हिरवं बटण दिसतंय का? शाब्बास." दुसरी गोष्ट, तुमच्या हाताला समोरच्याचा फोन लागत नाही. त्यामुळे करून देण्याची सोय नाही, शिकवावंच लागतं. आमच्या घरात काय होतं? वीजबिल भरायचं असतं, आई विचारते, आणि चिरंजीव म्हणतात, "दे इकडे." अंगठा सरसर फिरतो. "झालं." काय झालं ते त्या अंगठ्यालाच माहीत. बिल भरलं जातं, आई होती तिथेच राहते, आणि पुढच्या महिन्यात हेच चिरंजीव कपाळाला हात लावतात की आईला काही म्हणजे काही येत नाही.

तिसरी गोष्ट, वेळ. मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. रविवारी सकाळी कॉल येतो, त्यातली निम्मी मिनिटं "आवाज येतोय का?" यातच जातात. तुम्ही मात्र 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली कॅमेरा चालू ठेवून दिवसदिवस समोर बसता. झोपायच्या आधी परवानगी मागायला लावता, कुठे जाताय विचारता. एवढी चौकशी त्या घरात कितीतरी वर्षांत कुणी केलेली नसते.

तरी तुमचं सगळं श्रेय तुमचं नाही, हेही सांगून टाकते. जमीन इतरांनी नांगरून ठेवली होती. 2016 साली एप्रिलमध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी आली, आणि काउंटरमागचा ओळखीचा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी आले ते मेसेज. केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खातं बंद. आधार जोडा, अन्यथा सेवा बंद. प्रत्येक खऱ्या मेसेजच्या शेपटीला "अन्यथा" असतंच. मग "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" हा तुमचा मेसेज आला, तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी तो खोटा कशावरून ओळखावा? दरडावणीचा सूर तर तोच. त्यात ज्यांची उभी नोकरी साहेबाचा फोन आला की खुर्चीतून उठण्यात गेली, त्यांना तुम्ही गणवेश घालून व्हिडिओ कॉल करता. आमचे तलाठी काका तुमच्याशी बोलताना उभे होते म्हणे.

तुमचा फड केवळ अडाण्यांसाठी आहे, असं समजणाऱ्यांची मला कीव येते. 2024 मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल, वय 82, यांच्यासमोर तुमच्या बांधवांनी चक्क सर्वोच्च न्यायालय भरवलं. व्हिडिओवर नकली सरन्यायाधीश, नकली सुनावणी, नकली आदेश. सात कोटी रुपये गेले. पुढे 2025 मध्ये अशाच बनावट आदेशांना फसलेल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याची तक्रार थेट खऱ्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं.

आता आमच्या अधिकृत अभ्यासक्रमाची अवस्था ऐका. महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांना एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सक्तीची झाली तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. मोठी उदार सूट! संगणक आला, यांना वगळून आला. आणि निवृत्त झाल्यावर त्याच मंडळींना सांगण्यात आलं, की हयातीचा दाखला आता मोबाईलवर. जीवन प्रमाण योजना 2014 ची, चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय 2021 ची. सोय चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, आणि भांडी घासून घासून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्यात त्यांचा तर जीव भांड्यात पडला. पण नोव्हेंबरात आमच्या वर्गात एकदा येऊन बघा. फोन म्हणतो, डोळे मिचकावा. आजी डोळे घट्ट मिटून बसतात. "मिटायचे नाहीत आजी, मिचकावायचे." मग त्या एकच डोळा मिचकावतात आणि आख्खा वर्ग हसतो. फोन म्हणतो, चेहरा जुळत नाही. पाठीमागे खिडकी, उजेड मागून, चेहरा काळा. खुर्ची फिरवली. चष्मा काढला. चष्मा काढल्यावर स्क्रीनवर काय लिहिलंय ते दिसेना. शेवटी दाखला मिळाला आणि आजी म्हणाल्या, "आहे ना मी अजून? मग सांग त्यांना."

या एका दाखल्याला अख्खा तास गेला. बँकेच्या किंवा ॲपच्या माणसाने कधी असा तास दिलाय का? ते फार तर काही मिनिटांचा ओटीपी देतात. एसएमएस उघडून आकडा बघून परत येईपर्यंत पान पुसलेलं असतं. वळणाची सवय होते न होते तोच ॲप अद्ययावत होतं आणि बटण डावीकडून उजवीकडे जातं. कोरड्या पडलेल्या बोटाला स्क्रीन ओ देत नाही, म्हणून बोट जोरात दाबलं जातं, आणि जोरात दाबलं की भलतीच यादी उघडते. मग पिन लक्षात राहत नाही म्हणून कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवतात. मी ओरडते. पण ज्यांनी ही यंत्रणा घडवली त्यांनी यातलं एक तरी बोट बघितलं होतं का, असं मनात येतंच.

आणि सावधानतेचे इशारे? घाईत कुणाला फोन लावावा तर आधी अमिताभ बच्चन यांचा सायबर गुन्ह्यांविषयीचा उपदेश ऐकावा लागे. लोक कावले होते; 2025 च्या जूनमध्ये ती कॉलर ट्यून बंद झाली. नुसत्या भीतीने कुणी शिकत नाही. आमच्या संघातल्या दोघी-तिघींनी इशारे वाचून वाचून स्मार्टफोन कपाटात ठेवला आणि जुना बटणांचा काढला. त्यांचे पैसे वाचले, पण व्हिडिओवर पणतू दिसायचा तो बंद झाला. तेवढा हप्ता तुम्ही त्यांच्याकडूनही वसूल केलातच.

एक गोष्ट मात्र खरी, तुमच्यातले काही जण स्वतःच कोंडलेले आहेत. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारच्या म्यावाडीसारख्या ठिकाणी डांबलेल्या शेकडो भारतीय पोरांना 2025 मध्ये सरकारने विमानाने परत आणलं. तुम्ही त्यातलेच असाल तर तुमच्या आईचा नंबर कळवा, तिला वर्गात घेते.

बाकीच्यांसाठी सूचना. आम्ही अभ्यासक्रम बदलला आहे. पहिला धडा, फोन तोडणे. आमच्या पिढीला बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं, आणि तुमचा सगळा धंदा आमच्या या सभ्यतेवर चालतो. म्हणून तालीम घेतो. एकाने खर्जात म्हणायचं, "मी सीबीआयतून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत." दुसऱ्याने लगेच तोडायचा. एक मावशी अजूनही "बरं, ठेवते हं" म्हणूनच तोडतात. तेवढं चालवून घेतलंय. दुसरा धडा, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. तिसरा, डिजिटल अरेस्ट नावाची अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही.

तलाठी काका आता वर्गात पुढच्या बाकावर बसतात. तालमीत सीबीआयचा अधिकारी तेच होतात. आवाज हुबेहूब काढतात.

कळावे,
आपली व्यावसायिक प्रतिस्पर्धी,
निवृत्त बाई, सातारा

ता. क. हे पत्र मधेच उघडून वाचणाऱ्या मुला-सुनांसाठी. पैसे गेले असं कळलं की आधी रागवू नका, आधी 1930 ला फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा आकडा आज आईच्या फोनमध्ये साठवून ठेवा. आणि साठवताना फोन तिच्याच हातात राहू द्या.