मूल ‘काहीच खात नाही’ असे कसे घडवावे

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, ज्वारी घरची, दूध गोठ्यातले. अशा तालुक्यात दीड-दोन वर्षांचे मूल ‘काहीच खात नाही’ हे आपोआप साधत नाही. त्यामागे घरातल्या चार-पाच मोठ्या माणसांचे रोजचे कष्ट असतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून ही रीत नीट सांगणे भाग आहे.

आरंभ पहिल्या वाढदिवसानंतर करावा, कारण तेव्हा निसर्गच आपल्या बाजूने असतो. पहिल्या वर्षात बाळाचे वजन साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्याच सुमारास मूल अनोळखी पदार्थाकडे संशयाने बघू लागते. हे सगळे वयाला धरूनच आहे, असे कुणालाही कळू देऊ नये. ‘पोराच्या पोटात सकाळपासून कण नाही’ असे जाहीर करावे. (या हिशेबात दोन पेले दूध, चार बिस्किटे आणि शेजारच्या काकूंनी दिलेला कंदी पेढा धरत नाहीत.) दूध तर सढळ हाताने पाजावे. ते दिवसाकाठी अर्ध्या लिटरच्या पुढे गेले की जेवणाला जागा उरत नाही, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह नावालाच असल्याने रक्तही कमी होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण आपला वाटा आपण उचलावा. रक्त उतरले की भूक आणखी मंदावते आणि पुढचे काम सोपे होते.

खरी कारागिरी मात्र जबरदस्तीत आहे. एकाने मोबाइल धरावा, दुसऱ्याने हात, आणि तोंड उघडताच तिसऱ्याने घास सारावा. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना ‘सूप संपव’ असा आग्रह केला. आग्रहाने ती कमी प्यायली आणि सुपाला नावेही अधिक ठेवली. एका साध्या वाक्याने एवढे साधत असेल, तर आपल्याकडे बागुलबुवा आहे, पोलीसमामा आहेत, शिवाय इंजेक्शनवाले डॉक्टरही आहेत.

यावर कुणी म्हणेल, भरवले नाही तर लेकरू उपाशी राहील. क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरीणबाईंनी ही भीती फार पूर्वीच तपासली. त्यांनी १५ बाळांपुढे ३४ साधे पदार्थ ठेवले आणि काय, किती खायचे ते बाळांवरच सोडले. एकेका जेवणाचे चित्र विक्षिप्त दिसे, पण मुले धडधाकट वाढली. हा दाखला आपल्या रीतीला घातक आहे खरा. तरी घाबरू नये: त्या यादीत बिस्किटे नव्हती, कुरकुरेही नव्हते. निवड मुलाची, पण ताटात काय येणार ते मोठ्यांनी ठरवलेले, एवढ्यावरच तो सगळा डोलारा उभा होता. दहा रुपयांचे एक पाकीट फोडले की तो कोसळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काही मुलांना खरोखरच खाता येत नाही. दर घासाला ठसका लागणे, वारंवार उलटी, दोन वर्षांचे होऊनही फक्त पातळच गिळणे, वजन घटणे यांत हट्टाचा संबंध नसतो. तिथे बालरोगतज्ज्ञच लागतात. म्हणूनच अंगणवाडीत वजन करणे टाळावे. तक्त्यावरची रेघ खाली आली तर आजार उघडा पडतो, आणि नीट वर चढत असली तर आपली तक्रारच उघडी पडते.

शेवटची खबरदारी घेवड्याच्या आमटीबाबत. मुलाने ती एकदा थुंकली की ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे व्हावे. तिखट न घालता, चमचाभर, काही न बोलता ती पुन्हा पुन्हा ताटात येत राहिली, तर आठ-दहा खेपांत मूल ती खाऊ लागण्याचा धोका आहे. त्याला मांडीजवळ बसवून आपण आपले जेवत राहणे तर पूर्ण वर्ज्य.