कॅम्पर व्हॅनमधला संडास: इच्छुकांसाठी सूचना

व्हॅनचा रंग, पडदे आणि शेगडी यांवर घरात एकमत झालं की मगच संडासाचा विषय काढावा. आधी काढला तर सहलच रद्द होते.

कोणता घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. रिकामा कोण करणार, ते आधी ठरवावं. सगळे हजर असताना विचारावं. एकेकाला आपली कंबर आठवू लागते. ‘ड्रायव्हरदादा करतील की’ हे उत्तर बाद. ते गाडी चालवायला आलेत. ज्याच्या गळ्यात ही माळ पडेल, त्याचाच शब्द अखेरचा. बसणाऱ्यांनी फार तर सुचवावं.

कॅसेटवाला संडास दिसायला देखणा. खालची १८-२० लिटरची टाकी बाहेरच्या झडपेतून सुटकेससारखी ओढून काढता येते. पण तो बनवलाय कागद वापरणाऱ्यांनी, कागद वापरणाऱ्यांसाठी. आपल्याला तांब्याभर पाण्याशिवाय समाधान नाही. चौघांचं कुटुंब, त्यात हात सैल सोडून पाणी ओतणारे सासरे असले, की दुसऱ्याच सकाळी टाकी भरल्याचा लाल दिवा लागतो. भरलेली टाकी नेताना वाटेत कुणी ‘काय नेताय?’ विचारलं तर थांबू नये.

कोरड्या प्रकारात लघवी पुढच्या कॅनमध्ये जाते, उरलेलं मागे नारळाच्या काथ्याच्या भुशात. दोन्ही एकत्र आले नाहीत तर वास खरंच मारत नाही. मात्र धुण्याचं पाणी भुशात गेलं की खेळ खलास, म्हणून धुवायची सोय वेगळी करावी. पुरुषांनीही बसूनच करायचं असतं. हे तोंडी सांगून भागत नाही; आत पाटी लावावी.

सगळं जाळून मूठभर राख करणारे संडास नॉर्वेत बनतात. व्हॅनमध्ये ते गॅसवर चालतात. चहाही त्याच सिलिंडरवर होत असेल, तर पाहुण्यांना चहा पिऊन झाल्यावर सांगावं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. तरी युरोपातल्या कॅम्पसाइटवर कॅसेट ओतायची जशी ठरलेली जागा असते, तशी कोकणात वळणावळणावर शोधत बसू नये. मुक्कामाच्या घरी विचारून त्यांच्याच संडासात ओतावी. टाकीतलं रसायन सेप्टिक टँकला चालणारंच घ्यावं. फॉर्माल्डिहाइडवालं तिथले कामाचे जिवाणू मारून टाकतं. परवानगी काकूंकडे मागावी, काका नुसतं ‘बघू’ म्हणतात. मागायची ती भाडं चुकतं केल्यावर, आणि जेवणाची पानं मांडायच्या बरीच आधी.